युद्धोत्तर ब्रिटनची वृत्तछायाचित्रे : त्यांतले रोजचे जगणे कितपत खरे मानावे?

मृण्मयी_मिरज यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या आईचे काका १९५१ ते १९५५ या काळात अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी लंडनला होते. आम्ही त्यांना बापूआजोबा म्हणत असू. परतताना त्यांनी 'पिक्चर पोस्ट' या सचित्र साप्ताहिकाचे साठेक अंक पत्र्याच्या ट्रंकेतून आणले, आणि गेल्या दिवाळीत जुने घर रिकामे करताना ती ट्रंक माझ्या वाट्याला आली. कागद कडांना तपकिरी झाला आहे, पिनांचा गंज मधल्या पानांवर उतरला आहे, परंतु छायाचित्रांतला काळा रंग अजूनही मखमलीसारखा दाट दिसतो. आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक व्याख्यान होते. या महिन्याअखेरीस ही छायाचित्रे पडद्यावर दाखवत महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या रोजच्या जगण्यावर बोलण्याचे मी कबूल केले आहे.

अंक १९५१ नंतरचे असल्यामुळे आधीच्या पाच-सहा वर्षांची छायाचित्रे मी इतर संग्रहांतून निवडली. सगळी मिळून चाळीस झाली. ती एकदा जमिनीवर शेजारी शेजारी मांडली, तेव्हा एक गोष्ट मनाला टोचली. जवळपास सगळेच हसत आहेत. बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर खेळणारी मुले हसत आहेत, दुकानासमोरच्या रांगेतल्या बायका हसत आहेत, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या दिवशी रस्त्यात मांडलेल्या टेबलांभोवती कागदी टोप्या घालून बसलेली मंडळी तर हसत आहेतच. बापूआजोबांची पत्रे मात्र वेगळे सांगतात. पहिल्याच दिवशी घरमालकिणीने त्यांचे रेशनबुक ताब्यात घेतले, आणि न्याहारीच्या टेबलावर प्रत्येक भाडेकरूच्या नावाची चिठ्ठी लावलेली साखरेची वेगळी बरणी असे, असे त्यांनी लिहिले आहे. दुसऱ्याच्या बरणीत चमचा गेला तर त्या घरात दिवसभर अबोला असे. डिसेंबर १९५२ च्या धुक्याविषयी त्यांनी एवढेच लिहिले आहे, की कॉलेजातून चालत घरी आलो आणि नाक पुसले, तर रुमाल काळा झाला.

मग ही छायाचित्रे लोकांना हसायला सांगून काढलेली होती का? तशी असतील तर ती रोजच्या जगण्याचा पुरावा म्हणून दाखवणे योग्य होईल का? चाळीसांतून बाराच दाखवता येतील. त्या निवडीतही आपली मदत झाली तर आभारी राहीन.

गोदाकाठ यांचे उत्तर

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न अगदी मर्माचा आहे. यांतली पुष्कळशी छायाचित्रे ठरवून काढलेली होती, आणि तरीही ती पुरावा म्हणून उपयोगी पडतात. मात्र कशाचा पुरावा, हे दर चित्रापाशी थांबून ठरवावे लागते.

आधी 'पिक्चर पोस्ट'विषयी थोडे सांगतो, कारण त्यावाचून ते हसू कळणार नाही. हे साप्ताहिक १ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झाले आणि काही महिन्यांतच त्याचा खप १७ लाखांच्या घरात गेला. मालक एडवर्ड हल्टन इंग्रज होते, पण त्याचे रूप घडवणारे पहिले संपादक स्टेफान लोरांट हंगेरियन होते. जर्मनीत सचित्र साप्ताहिकाचे संपादक असताना १९३३ मध्ये नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले होते. कुर्ट हटन आणि फेलिक्स मान हे त्यांचे आरंभीचे दोन प्रमुख छायाचित्रकारही जर्मनीतूनच आलेले. कपडे वाळत घालणे, गुत्त्यात बिअरचा पेला घेऊन बसणे, समुद्रावर पाय ओले करणे, या गोष्टी तिथल्या वृत्तपत्रांना बातमी वाटत नव्हत्या. त्या पाहण्यासारख्या आहेत हे आधी या परक्या माणसांना दिसले. लोरांट १९४० मध्ये अमेरिकेला गेले आणि टॉम हॉपकिन्सन संपादक झाले. त्यांच्या दहा वर्षांत हे साप्ताहिक सामान्य कष्टकरी माणसाच्या बाजूने उभे राहिले. ही बाजू घेणे छायाचित्रांच्या निवडीतही उतरले, आणि तुमच्या चाळीसांतल्या हसण्याचे एक मोठे कारण मला तिथे दिसते.

ग्लासगो शहरातल्या गॉर्बल्स वस्तीचे उदाहरण घ्या. १९४८ च्या जानेवारीत या वस्तीवर सचित्र लेख आला. एकेका खोलीत अख्खे कुटुंब आणि जिन्यावर सगळ्यांना मिळून एक संडास, अशी ती वस्ती होती. तिथे आधी बिल ब्रँट यांना पाठवले होते. ब्रँट फार मोठे छायाचित्रकार, पण त्यांनी आणलेल्या काळोख्या, स्तब्ध चित्रांतून तिथली माणसे वाचकाच्या जवळ येत नव्हती. म्हणून नंतर बर्ट हार्डी यांना धाडण्यात आले. हार्डी स्वतः लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्सच्या गरीब कुटुंबातले होते आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडून छायाचित्रे धुण्याच्या कामाला लागले होते. त्यांनी गॉर्बल्समध्ये टिपलेले, हातात हात अडकवून ऐटीत चालत येणाऱ्या दोन लहान मुलांचे चित्र आज जगभर ओळखले जाते, आणि स्वतः हार्डींनाही ते आपल्या सगळ्या कामात सर्वांत आवडत असे. म्हणजे एकाच वस्तीची, एकाच साप्ताहिकासाठी काढलेली दोन तऱ्हांची चित्रे आपल्यासमोर आहेत. ब्रँट खोटे बोलले नाहीत, हार्डीही नाहीत. संपादकाला काय हवे होते, त्यावर कोणते चित्र लोकांपर्यंत पोहोचले ते ठरले.

याच्या दुसऱ्या टोकाला १९५१ मधले ब्लॅकपूलचे प्रसिद्ध चित्र ठेवा. समुद्रकाठच्या लोखंडी कठड्यावर दोन तरुणी बसल्या आहेत, वाऱ्याने एकीचा ठिपक्याठिपक्यांचा झगा उडतो आहे. हे चित्र हार्डींनी हेतुपुरस्सर घडवून आणले. चांगले छायाचित्र काढायला महागडा कॅमेरा लागत नाही, हे वाचकांना पटवण्यासाठी त्यांनी ते बॉक्स ब्राउनी या साध्या, स्वस्त कॅमेऱ्यावर काढले. अर्थात ते त्या तरुणींच्या आयुष्याचा पुरावा ठरत नाही. दहा वर्षांच्या ओढगस्तीनंतर त्या देशाला स्वतःचे कोणते रूप पाहावेसे वाटत होते, याचा मात्र त्याच्याइतका चांगला पुरावा मला दुसरा आठवत नाही.

ढिगाऱ्यावरच्या मुलांविषयी माझे मत निराळे आहे. पडक्या जागा वर्षानुवर्षे मोकळ्या राहिल्या आणि तीच मुलांची मैदाने झाली, ही खरी गोष्ट आहे. कॅमेरा घेऊन आलेला माणूस दिसला की कुठल्याही गल्लीतली मुले हसतातच, त्यामुळे चेहऱ्यांवरून फार काही ठरवू नये. मी वर्गात अशी चित्रे दाखवतो तेव्हा विद्यार्थ्यांना आधी पायांकडे बघायला सांगतो. कपड्यांचे रेशन मार्च १९४९ पर्यंत होते. अंगापेक्षा दोन मापे मोठा कोट, खाली घसरलेला एक मोजा, पुढून फाटलेला बूट, या गोष्टी छायाचित्रकाराने मांडलेल्या नसतात. त्याचे लक्ष चेहऱ्यावर असते आणि बाकीचे आपोआप चौकटीत येते.

धुक्याचे चित्र बारांत जरूर घ्या, पण त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर वरच्या उबदार हवेच्या थराखाली, जमिनीलगतच्या थंड हवेत कोंडला गेला. बसपुढे मशाल घेऊन चालणारा वाहक, चौकात उभा असलेला पोलीस, धूसर दिवे, अशी त्या दिवसांची चित्रे दिसायला सुंदरच आहेत. त्या वेळच्या अंदाजानुसार या धुक्याने सुमारे ४,००० माणसे दगावली, आणि नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. माणसे घराघरांत, इस्पितळांत खोकत मेली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला त्यांतले काहीही दिसले नाही. तुमच्या आजोबांचा रुमाल त्या चित्राशेजारी ठेवा, दुसरी कसलीही टीप लागणार नाही.

जुना_शाईवाला यांचे उत्तर

मी एका मराठी दैनिकाच्या प्रोसेस विभागात, म्हणजे छायाचित्रे छपाईसाठी तयार करणाऱ्या विभागात, चौतीस वर्षे काढली, त्यामुळे छपाईच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

आपण ज्या मखमली काळ्या रंगाविषयी लिहिले आहे, तो ग्रॅव्ह्युअर छपाईचा आहे. त्या पद्धतीत तांब्याच्या सिलिंडरवर बारीक बारीक खळगे कोरलेले असतात. जिथे खळगा खोल, तिथे शाई जास्त बसते, म्हणून सावलीला खरोखरीची खोली येते. 'पिक्चर पोस्ट' असे छापले जाई. त्याच काळातली दैनिके मात्र वर्तमानपत्री कागदावर हाफटोन ब्लॉकने छापली जात. तिथे सगळा राखाडी रंग ठिपक्यांचा असतो आणि सावलीतला तपशील बुजून जातो. हे माहीत असल्यामुळे दैनिकाचा छायाचित्रकार मुद्दाम ठळक, उजेडातले, दोन-तीनच माणसांचे चित्र काढी. हसरा चेहरा वाईट ब्लॉकमध्येही ओळखू येतो, विचारात पडलेला चेहरा येत नाही. आमच्या डेस्कवरही हा अनुभव रोजचा होता.

दुसरे कारण कॅमेऱ्याचे. फ्लीट स्ट्रीटच्या, म्हणजे लंडनमधल्या वृत्तपत्रांच्या रस्त्यावरच्या, दैनिकांचे छायाचित्रकार १९५० च्या दशकातही काचेच्या प्लेटवर काम करत. प्लेट जड, मोजक्याच जवळ बाळगता येत, आणि प्रत्येक फ्लॅश बल्ब एकदाच पेटे. अशा वेळी माणसांना नीट उभे करून, "इकडे बघा" म्हणून एक-दोन चित्रे घेऊन परतणे हाच धंद्याचा रिवाज होता आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. 'पिक्चर पोस्ट'ची मंडळी लायका या रोळफिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यावर काम करत. एका रोळात ३६ चित्रे मिळत असल्यामुळे त्यांना माणसांमध्ये मिसळून वाट पाहता येई. तेव्हा आपली चाळीस चित्रे आधी दैनिकांची आणि साप्ताहिकांची अशी वेगळी करा. निम्मे कोडे तिथेच सुटेल.

तिसरी गोष्ट कागदाची. युद्धात सुरू झालेले वर्तमानपत्री कागदावरचे नियंत्रण १९५६ पर्यंत टिकले, आणि दैनिके अनेक वर्षे मोजक्या पानांची निघत. जागा इतकी कमी असताना आत शिरणारे एकुलते एक चित्र बहुधा मन हलके करणारे असे. १९४७ च्या भयंकर हिवाळ्यात कोळसा आणि वीज इतकी तुटली, की फेब्रुवारीत साप्ताहिकांची छपाईच सरकारने दोन आठवडे थांबवली. त्या हिवाळ्यातली, बाळाच्या बाबागाडीतून कोळसा वाहून नेणाऱ्या बायकांची चित्रे मिळाली तर अवश्य घ्या. त्या गाडीच्या चाकांकडे बघा, ओझ्याने वाकलेली दिसतात.

आणि एक सावधगिरीची सूचना. मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मुलांचे चित्र आपल्या चाळीसांत असणारच. गोड पदार्थांवरचे रेशन ५ फेब्रुवारी १९५३ रोजी उठले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ते त्याआधी एकदा, एप्रिल १९४९ मध्ये उठवले होते. मागणी इतकी उसळली, की दुकाने रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये रेशन पुन्हा लावावे लागले. चित्र १९४९ चे असेल तर त्यातल्या मुलांचा आनंद चार महिन्यांचाच होता. दोन्ही वर्षांची दृश्ये इतकी सारखी असतात, की तारीख न पाहता दाखवलेले चित्र श्रोत्यांना भलत्याच ठिकाणी नेईल. फोटोओळीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आम्ही एकदा दुष्काळी गावातल्या टँकरभोवतीच्या गर्दीच्या चित्रातून कडेला उभा असलेला पोलीस जागेअभावी कापला. दुसऱ्या दिवशी वाचकांनी त्या गावाच्या शिस्तीचे कौतुक करणारी पत्रे पाठवली. ती कात्री मी स्वतः चालवली होती आणि ते कौतुक मला आजही खुपते.

ब्रॅडफर्डकर यांचे उत्तर

मी गेली अठरा वर्षे उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला राहते. इथल्या विज्ञान आणि माध्यम संग्रहालयात 'डेली हेरॉल्ड' या दैनिकाचा छायाचित्रसंग्रह आहे, ३० लाखांहून अधिक चित्रांचा. त्यातली काही मूळ चित्रे मला पाहायला मिळाली, आणि तेव्हापासून मी कुठलेही जुने वृत्तछायाचित्र आधी पाठीमागून वाचते. मागे तारखेचे शिक्के असतात, टंकलिखित मजकुराची चिकटवलेली पट्टी असते, कधी त्यातले शब्द पेन्सिलीने खोडून दुसरे लिहिलेले असतात. पुढच्या बाजूला कुठे कापायचे याच्या मेणपेन्सिलीच्या रेघा असतात. एका चित्रात बाईच्या मागची भिंत पांढऱ्या रंगाने रंगवून टाकली होती, म्हणजे छपाईत तिचा चेहरा उठून दिसावा. प्रकाशात तिरपे धरले की ब्रशचे फटकारे दिसत होते. शक्य असेल तिथे चित्राची मागची बाजूही पडद्यावर दाखवा, श्रोते पुढे सरकून बसतील.

तुमच्या निवडीत बायकांनी काढलेली चित्रे आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसतील तर ग्रेस रॉबर्टसन यांचे काम पाहा. त्यांचे वडील 'पिक्चर पोस्ट'मध्येच पत्रकार होते, म्हणून आरंभी त्या डिक म्यूर या पुरुषी नावाने चित्रे पाठवत असत. १९५४ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागातल्या एका गुत्त्यात जमणाऱ्या बायका वर्षातून एकदा मुलाबाळांना घरी ठेवून बसने मार्गेटच्या समुद्रावर जात, त्या सहलीची मालिका त्यांनी केली. पन्नाशी-साठीच्या, जाडजूड, एप्रनमधून सुटलेल्या बायका हात वर करून नाचताहेत, एकमेकींच्या गळ्यात पडून हसताहेत. मृण्मयीताई, या हसण्याला कुणीही फर्मावले नव्हते. हातात कॅमेरा घेतलेली चोवीस वर्षांची मुलगी दिवसभर त्यांच्याबरोबर फिरत होती, आणि या बायकांनी दोन युद्धे आणि मधली मंदी काढली आहे, हे तिला ठाऊक होते. मला ही मालिका युद्धोत्तर ब्रिटनच्या सगळ्या चित्रांत श्रेष्ठ वाटते. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' नियतकालिकाने त्यांच्याकडून तशाच सहलीची मालिका पुन्हा करून घेतली. दोन्ही मालिका समोरासमोर ठेवल्या, तर तुमच्या प्रश्नावर एक अख्खे व्याख्यान होईल.

तरुणांचे काय, असे कुणी विचारील तर १९५५ मधली टेडी मुलींची चित्रे दाखवा. ती केन रसेल यांनी काढली, जे पुढे चित्रपट दिग्दर्शक झाले. मखमली कॉलरचे पुरुषी जाकीट, दुमडलेली जीन्स, हातात मिटलेली छत्री, अशा वेशात या कामगार घरांतल्या मुली पडक्या जागांवर उभ्या आहेत आणि त्यांतली एकही हसत नाही. गोदाकाठ यांनी सांगितलेल्या ढिगाऱ्यावर खेळून मोठी झालेली ही पिढी, स्वतःच्या पगारातून शिंप्याकडे कपडे शिवून घेणारी. चित्रे अर्थातच उभे करून काढलेली आहेत, पण कसे उभे राहायचे हे त्या मुलींनी ठरवलेले दिसते.

आता एक गोष्ट जरा आग्रहाने सांगते. चाळीसांत गोऱ्यांशिवाय कुणी आहे का? 'एम्पायर विंडरश' जहाजातून वेस्ट इंडियन प्रवासी २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात उतरले, तेव्हा छायाचित्रकार धक्क्यावर हजर होते. उत्तम इस्त्रीचे सूट आणि हॅट घातलेले ते तरुण कॅमेऱ्याकडे सरळ बघताहेत. त्यांतले कित्येक युद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेले होते. धक्क्यावरचे हे चित्र सगळीकडे छापले जाते, त्यानंतर भाड्याची खोली शोधताना त्यांच्या तोंडावर बंद झालेली दारे मात्र फारशी दिसत नाहीत. 'पिक्चर पोस्ट'ने जुलै १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये वर्णभेद आहे का, असा थेट प्रश्न विचारणारा लेख हार्डींच्या चित्रांसह छापला, हे त्यांचे मोठेपण आहे. पण अशी उदाहरणे थोडी.

याला उतारा म्हणून आमच्या गावची एक गोष्ट. मॅनिंगहॅम लेनवर बेल व्ह्यू नावाचा जुना स्टुडिओ होता. लोकरीच्या गिरण्यांत कामाला आलेले पाकिस्तानी, भारतीय, कॅरिबियन, पोलिश कामगार तिथे जाऊन घरी पाठवण्यासाठी फोटो काढून घेत. कोटाच्या खिशाला पेन, मनगटावर दिसेल असे घड्याळ. इथेही सगळे ठरवूनच, पण ठरवणारा फोटोतला माणूस स्वतः. ही वृत्तछायाचित्रे नाहीत, तरी शेजारी एक ठेवाच. बापूआजोबांनी लंडनहून असा एखादा फोटो घरी पाठवला होता का?

कांगालीग_प्रेमी यांचे उत्तर

वरच्या जाणत्या उत्तरांत माझी एकच भर. बापूआजोबा १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे होते, म्हणजे विजय हजारे यांच्या संघाचा दौरा त्यांनी वर्तमानपत्रांतून वाचलेला असणार. ७ जून १९५२ रोजी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. तीन बळी पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमन यांचे, एक अलेक बेडसर यांचा. त्या धावफलकाचे छायाचित्र तेव्हापासून आजतागायत छापले जात आहे.

या धाग्याचा मुद्दा तिथेही लागू पडतो, म्हणून लिहितो. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात, वीस वर्षांच्या मांजरेकरांनी त्याच मैदानावर १३३ धावा काढल्या होत्या आणि हजारे यांनी ८९. चार बाद शून्यनंतरही हजारे आणि दत्तू फडकर यांनी शतकी भागीदारी केली. पण फलकावरचा तो आकडा एका चित्रात मावतो. तासन्‌तास चाललेली चिवट खेळी एका चित्रात मावत नाही. माझ्या वडिलांना ते छायाचित्र दिसले की ते दर वेळी मांजरेकरांचे शतक मोठ्याने सांगत, जणू कुणीतरी ते पुसून टाकेल.

मृण्मयी_मिरज यांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री चाळीसही चित्रे पुन्हा मांडली आणि जुना_शाईवाला यांच्या सांगण्याप्रमाणे आधी दैनिकांची व साप्ताहिकांची वेगळी केली. फरक लगेच डोळ्यांत भरला. दैनिकांच्या सतरा चित्रांपैकी चौदांत माणसे कॅमेऱ्याकडे बघत आहेत. साप्ताहिकांच्या तेवीसांपैकी फक्त पाचांत. मिठाईच्या दुकानाचे जे चित्र मी १९५३ चे समजून चाललेले होते, ते मे १९४९ चे निघाले. ते आता त्या चार महिन्यांच्या आनंदाची हकीगत सांगूनच दाखवीन.

ब्रॅडफर्डकर, चाळीसांत गोऱ्यांव्यतिरिक्त एकच माणूस होता, तोही रस्ता झाडणारा आणि पाठमोरा. हे मला आपण विचारेपर्यंत दिसले नव्हते, याची खंत वाटते. विंडरशचे चित्र आणि बेल व्ह्यू स्टुडिओतले एक चित्र आता बारांत आले आहे, आणि मार्गेटच्या बायकांची दोन. ब्लॅकपूलचे चित्र काढून टाकणार होते, ते गोदाकाठ यांच्या उत्तरानंतर ठेवले आहे.

बापूआजोबांचा स्टुडिओतला फोटो घरात कुणाकडेच नाही. पण तो शोधताना ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली त्यांचे रेशनबुक सापडले. मांसावरचे रेशन ४ जुलै १९५४ रोजी उठल्यावर ते निरुपयोगी झाले असणार, आणि घरमालकिणीने परत दिले असणार. आजोबा शाकाहारी होते. आईकडून कळले, की तिथे शाकाहारी म्हणून नाव नोंदवून मांसाची कुपने सोडली की त्याबदली जास्तीचे चीज मिळत असे, आणि ते पिवळे चीज पाहून त्यांना पहिले काही आठवडे मळमळत असे. पुढे मात्र मिरजेला आल्यावर ते कुठेच मिळत नाही म्हणून हळहळत. त्या पुस्तिकेतली मांसाची पाने निळ्या शाईने आडवी खोडलेली आहेत. त्या पानांचे मी कालच छायाचित्र काढले. धुक्याच्या चित्रानंतर पडद्यावर तेच येईल, आणि ते असेपर्यंत मी साखरेच्या बरण्यांचे पत्र वाचून दाखवीन.